एका उत्तराला अनुमोदन

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती मला कुणी विचारत नाही. मी व्हॉट्सॲपवर कुणालाही काहीही लिहिलेलं नाही. सांगलीपासून आष्ट्यापर्यंत माझ्या नावाने जो काही गोंधळ झाला, तो मी न पाठवलेल्या उत्तराचा आहे. पाठवलं असतं तर काय झालं असतं, ह्याचा विचार मी हल्ली करत नाही. डॉक्टरांनी बी.पी.ची गोळी आधीच बदलून दिली आहे.

कोयनानगरला पाटबंधारे खात्यात एकत्र नोकरी केलेल्या आम्हा निवृत्तांचा एक ग्रुप आहे, 'कोयना परिवार'. नोकरीत असताना ज्यांनी एकमेकांना टाचणी उसनी दिली नाही, ते आता रोज सकाळी एकमेकांना गुलाब पाठवतात. माझी त्याला हरकत नाही. मीही पाठवतो, फार वेळ नसला तर नुसतेच जोडलेले हात. तर एका सकाळी ह्या गुलाबांच्या मधोमध एक लांबलचक मजकूर येऊन पडला. ख्रिस्ती लोक मुळात कोण, ते बाहेरचे कसे, त्यांनी पोटासाठी देव कसा बदलला, आणि शेजाऱ्यांनी त्यांच्यापासून सावध का राहावं, असं सगळं त्यात सविस्तर होतं. खाली 'सच्चे असाल तर पुढे पाठवा' अशी सूचना होती. एका सच्च्याने ती पाळली होती. त्याचं नाव उदयसिंह.

उदयसिंह म्हणजे माझा कोयनानगरच्या कॉलनीतला शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती, आणि तीही भूकंपाने तडकलेली, त्यामुळे त्याच्याकडचं भांडण आम्हाला आणि आमच्याकडची प्रार्थना त्यांना शब्दन् शब्द ऐकू जायची. धरणाच्या भागात धक्का बसला की दोन्ही बिऱ्हाडं अंगणात यायची आणि एस्तेर, म्हणजे माझी पत्नी, सगळ्यांना चहा द्यायची. नाताळात आमच्याकडे करंज्या, चकल्या होतात, त्या डब्यात भरायच्या आधी तपासायला हा थेट स्वयंपाकघरात हजर. निवृत्तीनंतर तो आष्ट्याला ऊस आणि हळद करायला गेला आणि मी सांगलीत फ्लॅट घेतला.

मी तो मजकूर चष्मा लावून वाचला, मग चष्मा पुसून वाचला. मला वाईट वाटलं. हे मी सरळच सांगतो, पुढे ह्या वाक्याचं काय झालं ते कळेलच. बाकीच्यांचं मला काही देणंघेणं नव्हतं. उदयसिंहसुद्धा मला असा समजतो का, एवढंच मला कळायला हवं होतं.

"फोन करा की त्यांना," एस्तेर म्हणाली.

"फोन कसा करू? तो ग्रुपवर बोललाय. अपमान चारचौघांत झाला, तर उत्तरही चारचौघांत पाहिजे."

"मग बसा," असं म्हणून ती मेथी निवडायला गेली.

खालच्या मजल्यावर कृष्णात राहतात. मूळचे म्हसवडकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त. मी जिन्यात हा विषय काढला, कारण जिन्यात त्यांना चुकवता येत नाही. "साहेब, इग्नोर मारायचं," ते म्हणाले. "न्हाईतर सीधा ब्लॉक." मी म्हणालो, मित्राला ब्लॉक कसं करायचं? त्यांनी बराच विचार केला. "मग लिवा. पर लांब लिवा. लांब लिवलं की कोन वाचत न्हाई आन् तुमचंबी मन हलकं हुतंय." सल्ला म्हणून हा वाईट नव्हता. माझी चूक अशी झाली की मी थोडक्यात लिहिलं.

चारच ओळी होत्या. 'प्रिय उदयसिंह, तू पाठवलेलं वाचून मला वाईट वाटलं. माझे पणजोबा ह्याच जिल्ह्यात जन्मले आणि इथेच त्यांना माती दिली. आम्ही बाहेरचे असलो तर ते बाहेर म्हणजे नेमकं कुठे, तेवढं कळव. सवड आहे, एकदा जाऊन बघून येईन.' एस्तेर शेवटच्या ओळीला हसली. ती माझ्या लिहिण्याला सहसा हसत नाही, म्हणून मला ते उत्तर चांगलं झाल्यासारखं वाटलं. आणि चांगलं झालेलं आपल्यापुरतं ठेवण्याची मला सवय नाही. मी ते पाळक साहेबांना, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, दाखवायला नेलं.

इथे थोडं समजावून सांगतो. आमच्यात मंडळी म्हणजे चर्चचे सगळे सभासद. बायकोला मंडळी म्हणणाऱ्या वाचकांनी पुढे घोटाळा करून घेऊ नये. मंडळीचा कारभार पंचकमिटी बघते, आणि पंचकमिटीत प्रत्येक गोष्ट ठरावाने होते. चर्चमधला पंखा डावीकडून उजवीकडे हलवायचा तरी एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. ही शिस्त मोडू नये म्हणून आजवर सगळ्यात जास्त कोण भांडलं असेल, तर मी. पाळक साहेबांनी माझ्या चार ओळी वाचल्या, डोळे मिटले आणि म्हणाले, "रणभिसे, तुम्ही पंच आहात. तुम्ही लिहिलं म्हणजे मंडळीने लिहिलं असं लोक धरतील. कमिटीपुढे ठेवू या." मला नाही म्हणता येईना. उलट, मनातून थोडा अभिमानच वाटला. माझ्या रागाला आता जावक क्रमांक मिळणार होता.

पहिल्या सभेला कोरम झाला नाही, कारण निम्मे पंच मिरजेला लग्नाला गेले होते. दुसऱ्या सभेत चिटणीस यशोदास सरांनी उदयसिंहने पाठवलेला मजकूर मोठ्याने वाचला. सर हायस्कुलातून निवृत्त झालेत. वाचता वाचता ते त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका सांगत होते आणि चुकांचाच राग त्यांना जास्त आला होता. मग माझं उत्तर चर्चेला आलं.

"'वाईट वाटलं' हे काढा," सर म्हणाले. "विश्वासणाऱ्याने खचलेलं दिसू नये. 'खेद झाला' घाला."

'बाहेर म्हणजे कुठे' हा प्रश्न चिथावणीखोर ठरून गेला. पणजोबांना माती दिली हे कुणालाच खटकलं नाही, पण त्याने मजकूर उदास होतो असं निघालं, म्हणून पणजोबा गेले. त्यांच्या जागी बायबलमधली दोन वचनं आली. तरुण संघाचा प्रतिनिधी जयराज म्हणाला, "अंकल, असं गुळमुळीत नको. मी व्हिडिओ करतो, त्यांचंच सगळं काढून त्यांना धुऊन टाकतो." मी म्हणालो, कुणाच्या देवाबद्दल वाकडं बोलायचं नाही, आपल्याला लागलंय तेच आपण दुसऱ्याला कसं लावायचं? जयराज मोबाइलमध्ये बघायला लागला. संध्याकाळी तरुण संघाच्या ग्रुपवर त्याने 'काही पंच घाबरट असतात' असं टाकलं, नाव न घेता, फक्त खाली माझ्यासारख्या मिशा असलेल्या माणसाचं चित्र. मी त्या ग्रुपमध्ये नाही. पण ज्यांनी ज्यांनी ते पाहिलं, त्यांनी त्यांनी मला ते आठवणीने पाठवलं. परका मी तिकडे होतोच, आता इकडे घाबरटही झालो.

महिला मंडळाच्या मार्थाबाई शेवटी म्हणाल्या, "एवढं प्रेमाने लिहितोच आहोत, तर हंगामाच्या सणाचं आमंत्रणही देऊन टाका." हंगामाच्या सणाला आमच्यात लोक शेतमाल, फळं, कोंबड्या चर्चला आणून देतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. सूचना सर्वांना आवडली. अशा रीतीने, मी माझ्या मित्राला 'तू मला परका समजतोस का' हे विचारायला निघालो होतो, आणि माझ्या हातात जे पडलं ते येताना वांगी घेऊन या, असं पत्र होतं.

तेही गेलं असतं. पण त्याला अनुमोदक मिळेना. सूचक मी. अनुमोदकाचं नाव इतिवृत्तात जातं. एकाचं किराणा दुकान होतं आणि सगळी गिऱ्हाइकं मंडळीबाहेरची. एकाच्या मुलाची नोकरी नुकती लागली होती. सर म्हणाले, चिटणीसाने अनुमोदन देणं नियमात बसत नाही. मी सगळ्यांकडे पाहत होतो आणि सगळे टेबलाकडे पाहत होते. मला त्यांचा राग आला नाही, खरं सांगतो. त्यांच्या जागी मी असतो तर मीही टेबलाकडेच पाहिलं असतं.

"पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवू," पाळक साहेब म्हणाले. "तोवर आपण त्या बंधूसाठी प्रार्थना करू." प्रार्थनेला अनुमोदक लागत नाही.

प्रार्थना रविवारी झाली. करोनाच्या काळात आमची उपासना मोबाइलवरून थेट दाखवायला सुरुवात झाली. करोना गेला, पण स्टँडवरचा मोबाइल काढायचा ठराव कुणी मांडला नाही, म्हणून ती अजून चालू आहे. एरवी ती एस्तेरची नाशिकची बहीण सोडली तर कुणी बघत नाही. यशोदास सर उठले. सर प्रार्थनासुद्धा अर्जासारखी करतात, देवाचा पत्त्यात घोटाळा होऊ नये म्हणून. "हे प्रभो, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मुक्काम आष्टा, तालुका वाळवा येथील उदयसिंह यांचं कठीण मन तू मऊ कर आणि त्यांना तुझ्या कळपात आण." सगळी मंडळी म्हणाली, "आमेन." पहिल्या बाकावर, कॅमेऱ्याच्या अगदी समोर, डोळे मिटून मीसुद्धा म्हणालो. सवयीने तोंडातून जातं ते.

सोमवारी सकाळी कृष्णातांनी बेल वाजवली. "साहेब, तुमी फेमस झाला. माझ्या साडूनं म्हसवडनं पाठवलंय." कुणीतरी नेमका तेवढाच तुकडा कापून घेतला होता. वर लाल अक्षरांत 'सांगलीत निवृत्त अधिकाऱ्याचे धर्मांतर?' असं लिहिलेलं, आणि खाली मी, भक्तिभावाने मान डोलावताना. प्रश्नचिन्ह फार छोटं होतं. दुपारपर्यंत तो तुकडा 'कोयना परिवार'वर पोहोचला. त्या दिवशी तिथे कुणी गुलाब पाठवले नाहीत.

मंगळवारी पोलीस चौकीतून फोन आला. बोलणारे गृहस्थ फार सभ्य होते.

"तक्रार काही नाही साहेब, नुसती विचारपूस. ते उदयसिंह सध्या कुठं आहेत?"

"आष्ट्याला असतील. हळद शिजवायचे दिवस आहेत."

"राजीखुशीनं?"

"हळद राजीखुशीने शिजवतात की नाही मला माहीत नाही," मी म्हणालो. "पण घरी आहे तो."

पंचकमिटीची तातडीची सभा झाली. आमच्या इतिहासात प्रथमच कोरम पूर्ण होऊन वर माणसं उरली. विषय एकच: मोबाइल चालू कुणी ठेवला? माझं उत्तर त्या दिवशी विषयपत्रिकेवर नव्हतं, आणि मलाही त्याची आठवण करून द्यायचं त्राण उरलं नव्हतं. खरं तर मी उदयसिंहला फोन लावायला हवा होता. लावलाही, पण वाजायच्या आधीच कापला. कठीण मनाबद्दल आमेन म्हणून झाल्यावर माणसाने कुठल्या वाक्याने सुरुवात करायची?

तोच आला. बुधवारी दुपारी, आष्ट्याहून मोटरसायकलवर, उन्हाने लाल होऊन. एरवी येताना वांगी, हरभरा, निदान कोथिंबिरीची जुडी तरी असते. आज हात रिकामे होते. सोफ्यावर न बसता तो जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला.

"दान्या, माझं मन कठीण हाय व्हय रं?"

मी टेबलाकडे पाहिलं.

"गावात पोरं इचारत्यात, अण्णा, कवा बाटताय? पाव्हणं फोन करत्यात. आमच्या हिनं माझ्यावरनं दोनदा लिंबू उतरून टाकलंय. तुला राग आला हुता, तर घरला येऊन शिवी द्यायचीस. म्या काय दार लावून घेतलं असतं? आख्खं चर्च डोळं झाकून माझ्या नावानं बसवायचं, ह्ये काय रं? मानसानं मानसाशी असं करावं?"

त्याचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला राग आला. "आणि तू ग्रुपवर जे पाठवलंस ते?"

"काय पाठवलं?"

त्याला खरोखरच आठवत नव्हतं. तोंडावरून दिसत होतं. इतके दिवस मी ज्याच्यासाठी झुरलो, पंचकमिटीने ज्याच्यासाठी पणजोबांना वगळलं, ते त्याच्या ध्यानातच नव्हतं. मी मागे मागे जाऊन मजकूर शोधला आणि मोबाइल त्याच्यापुढे धरला.

"ह्ये व्हय," तो म्हणाला. "आरं, म्या आलेलं समदंच फुडं पाठवतो. वाचत कोन बसतंय?"

"मग आता वाच. मोठ्याने वाच."

त्याने खिसे चाचपले, चष्मा आष्ट्यात राहिला होता. मी माझा दिला. मग त्याने वाचायला सुरुवात केली. ऑफिसात टिपणी वाचायचा तशीच, खणखणीत, कुठेही न अडता. पहिल्या दोनतीन ओळी त्याने तशा वाचल्या. पोटासाठी देव बदलला, इथपर्यंत आला तेव्हा आवाज खाली आला. एस्तेर आतून पोहे घेऊन आली होती. ती बशा हातात धरून उभीच राहिली, कारण टेबलावर त्याचे हात होते. "'ही माणसं कधीच आपली नव्हती,'" त्याने वाचलं. "'अशांना दारात उभं...'"

तिथे तो थांबला. पुढचं मला पाठ होतं, एस्तेरलाही होतं. त्याने आम्हा दोघांकडे पाहिलं नाही. चष्मा काढला, काच शर्टाने पुसली, पुन्हा लावला, पण वाचलं नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "ह्ये माझ्या नावानं आलं?"

"तुमच्याच, भावजी," एस्तेर म्हणाली आणि बशा ठेवून आत गेली.

उदयसिंहने स्वतःचा मोबाइल काढला आणि तो मजकूर पुसायला लागला. निघेना. इतक्या दिवसांनंतर तो फक्त स्वतःच्या मोबाइलवरून पुसता येतो, बाकीच्यांच्या जातच नाही, हे मी त्याला सांगितलं. तो बराच वेळ त्याच जागी अंगठा दाबत राहिला. मग बोलायचं बटण धरलं, आणि धरणाच्या पलीकडल्या माणसाला हाक मारावी अशा आवाजात बोलला: "उदयसिंह बोलतोय. म्या मागं जे पाठवलं हुतं त्ये समदं खोटं हाय. दानू रणभिसे आपला मानूस हाय. आन् म्या बाटल्यालो न्हाई. कुनी फुडं पाठवू नका." आणि पोहे खायला लागला.

माझं उत्तर त्याने एका दमात दिलं होतं. ठराव नाही, सूचक नाही, वांगी नाहीत. मला हलकं वाटलं, आणि आता हे सगळं संपलं असं मी समजलो. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही मी असं काहीतरी समजतो.

आधी दोनचार अंगठे आले. मग टेबलावरचा मोबाइल थरथरायला लागला. एकाने लिहिलं, 'साहेब दबावाखाली बोलत आहेत.' दुसऱ्याने, 'कोंडून ठेवलंय का? लोकेशन पाठवा.' उदयसिंह हसला. तिसरा ऋषिराज होता. ह्या ऋषिराजला उदयसिंहनेच हाताला धरून काम शिकवलं, त्याच्या लग्नात स्वतः पंगतीत वाढायला उभा राहिला. त्याने लिहिलं होतं, 'किती मिळाले साहेब? आम्हालाही सांगा.' खाली हसून डोळ्यांत पाणी आलेली चार तोंडं.

उदयसिंहचं हसू गेलं. तो लिहायला लागला. जाड बोटाने एकेक अक्षर शोधत, चुकलेलं पुसत. 'ऋष्या तुला' एवढं लिहून झालं असेल नसेल, तेवढ्यात ॲडमिन सिद्धूने शांतता राखण्यासाठी ग्रुप बंद केला. आता फक्त ॲडमिनने लिहायचं. उदयसिंह पाठवायचं बटण दाबत राहिला, पण ते तिथे नव्हतंच. मग त्याने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

पोहे निवून गेले. खाली कृष्णात कुणाला तरी मोठ्याने सांगत होते की साहेबांकडे आष्ट्याचा मानूस आलाय, त्योच तो. उदयसिंह खुर्चीत मागे टेकला आणि त्याच्या आवाजात मघाचं खणखणीत काही उरलं नाही.

"लय लागतं रं, दानू," तो म्हणाला.

"व्हय," मी म्हणालो.

"ऋष्यानं लिवावं? त्याला ठावं हाय म्या कसा हाय."

"व्हय."

तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी जुळत होतं त्याच्या मनात, आणि ते जुळू नये असंही त्याला वाटत असावं.

"तुला असं कवापासनं ऐकावं लागतंय?"

"नोकरीला लागल्यापासून," मी म्हणालो. "पण तुझ्याकडनं पहिल्यांदाच."

आतून एस्तेरने पानं वाढल्याचं सांगितलं, तेव्हा माझ्या आधी तोच उठला, स्वयंपाकघरात गेला आणि माझं पाणी भरून घेऊन आला.